सर चांगलेत, तरी विचारायला संकोच वाटतो

प्रश्न : ताई, बाळंतपणाची रजा संपवून परत जॉइन झालेय. आमचे सर "अडलं तर निघ गं" म्हणतात, पण दरवेळी विचारायला कसंतरीच वाटतं. काय करू?

उत्तर : अगं, असे सर मिळाले हे अर्धं काम झालं, कारण पहिल्या दोन बाळांना 26 आठवडे रजा, 50 किंवा त्याहून जास्त स्टाफ असेल तिथे पाळणाघर हे 2017 पासून कायद्यातच आहे, पण रजेनंतरचं वर्क फ्रॉम होम मात्र दोघांच्या संमतीवर सोडलंय, म्हणजे तिथे साहेब कसा आहे यावरच सगळं. तर रोज विचारू नकोस, एकदाच बसून ठरव, घरून कुठल्या दिवशी, निघायचं किती वाजता, आणि मेल टाकून ठेव (सरांची बदली झाली की तोंडी सवलत गेलीच!). टीमला सरांनाच सांगू दे, तू सांगितलंस की कुजबुज सुरू होते.