हनोईत कॉफीचा क्लास करायचाय, पण व्ह्यूसाठी डबल पैसे द्यावेत का?

प्रश्न : ताई, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही व्हिएतनामला चाललोय. नवरा, मी, दोन मुलं (मोठी पंधराची, धाकटा नऊचा) आणि सासूबाई. हनोईत कॉफी बनवायला शिकवणारे क्लास असतात असं दिसलं, त्यातले काही रूफटॉपवर आहेत, शहर दिसतं म्हणून दर जवळपास दुप्पट. तिथे अंड्याची कॉफीही शिकवतात, पण सासूबाई अंडं खात नाहीत, शिवाय गुडघ्यांचा त्रास आहे. क्लास घ्यावा का, आणि व्ह्यूवाला की साधा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : क्लास नक्की घ्या, पण व्ह्यूसाठी जादा पैसे देऊ नका, निदान डिसेंबरात तरी नाहीच. हनोईचा हिवाळा म्हणजे बरेचदा ढगाळ आणि धुरकट हवा, उंच गेलात तरी खाली नुसतं राखाडी दिसायची शक्यता जास्त. आणि खरं सांगू का, हनोईची मजा उंचावरून नाहीच, जुन्या शहरातली घरं अरुंद तोंडाची, आत लांबच लांब गेलेली आणि बहुतेक चार-पाच मजल्यांचीच, त्यामुळे तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतूनसुद्धा सगळं दिसतं. होआन कीएम तळ्याच्या वरच्या टोकाला एक चौक आहे, तिथल्या तळं दिसणाऱ्या एखाद्या वरच्या मजल्यावरच्या कॅफेत बसा, समोर तळं, खाली चारी बाजूंनी येणाऱ्या स्कूटरी, आणि कोणी थांबत नाही तरी सगळे एकमेकांना चुकवून बरोब्बर पुढे जातात, ते बघत तास सहज जातो. त्याला वेगळं तिकीट नाही, एक कॉफी घ्यायची बस. शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत तळ्याभोवती गाड्या बंद असतात, मग रस्ताभर माणसंच माणसं, तो नजारा वेगळा. जमलं तर एकदा वीकडेला आणि एकदा वीकेंडला बघा.

आता क्लासचं. पैसे भरायच्या आधी एकच गोष्ट विचारा, प्रत्येकाला स्वतःचं फिन (तिकडचा कॉफीचा छोटा फिल्टर) मिळणार का आणि अंडं स्वतः फेटायला देणार का? काही ठिकाणी एक जण पुढे उभा राहून करून दाखवतो आणि बाकीचे फोटो काढतात, त्याला क्लास म्हणण्यात काही अर्थ नाही. हात चालले पाहिजेत. सहा-आठ जणांचा ग्रुप असेल तर छान.

हे फिन कपावर ठेवायचं. खाली बशीसारखी जाळी, वर भांडं, आत दाबायची चकती आणि झाकण. वीस-पंचवीस ग्रॅम पावडर, आधी थोडंसंच गरम पाणी घालून अर्धा मिनिट थांबायचं म्हणजे पावडर फुगते, मग उरलेलं पाणी, आणि चार-पाच मिनिटं थेंब थेंब पडू द्यायचं. घाई केली की बिघडतं.

अंड्याच्या कॉफीची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. १९४६ साली हनोईत दूध मिळेना, तेव्हा मेट्रोपोल हॉटेलात बारटेंडर असलेल्या न्युएन व्हान ज्यांग यांनी दुधाऐवजी अंड्याचा बलक फेटून कॉफीवर घातला. पुढे त्यांनी स्वतःचं कॅफे काढलं, ते आजही न्युएन हुउ हुआन रस्त्यावर चालू आहे, घरचेच लोक चालवतात. क्लासमध्ये करतात ते असं, पांढरा भाग बाजूला काढून फक्त बलक घ्यायचा, त्यात दोन चमचे कंडेन्स्ड मिल्क, आणि फेटत राहायचं. सुरुवातीला गडद पिवळं पातळ मिश्रण असतं, मग हळूहळू रंग फिका होत जातो, फेस दाट होतो, आणि चमचा वर उचलल्यावर पडलेली रेघ वरच तरंगत राहिली की झालं. मुलं इथेच रमतात बघा, बीटर कोणी धरायचा यावरून भांडणं होतील. कमी फेटलं किंवा कॉफी गार असली तर अंड्याचा वास येतो, म्हणून कॉफी चांगली कडकडीत हवी आणि कप गरम पाण्याच्या वाटीत ठेवतात. पिताना आधी वरचा फेस चमच्याने खायचा, मग खालच्या कडू कॉफीपर्यंत पोचायचं.

पण हे लक्षात घ्या, यात बलक पूर्ण शिजत नाही. तुमच्या नऊ वर्षांच्या लेकाला, गरोदर बाईला, पोट नाजूक असलेल्यांना मी देणार नाही. लेकाला फेटू दे खुशाल, प्यायला नारळाच्या दुधाचं बर्फ घातलेलं काहीतरी बिनकॉफीचं सांगा. तिकडची कॉफी बहुतेक रोबस्टा जातीची, तिच्यात अरेबिका या दुसऱ्या जातीच्या जवळपास दुप्पट कॅफिन, मोठीनेसुद्धा चाखण्यापुरतीच घ्यावी. आणि क्लासमध्ये तीन-चार प्रकार करतात, सगळे कप संपवलेत तर रात्रभर डोळा लागणार नाही, म्हणून सकाळची वेळ घ्या.

सासूबाईंसाठी नारळाची कॉफी आणि मिठाची कॉफी हे दोन प्रकार आहेत, दोन्हीत अंडं नाही. मिठाची कॉफी ह्युए शहरातली, २०१० च्या सुमाराची, वर किंचित खारट क्रीम असतं, ऐकायला विचित्र पण कडू कॉफीवर फार छान लागतं. मात्र एक चौकशी जरूर करा. जुन्या पद्धतीत बिया भाजताना लोणी, दारू आणि कधीकधी फिश सॉससुद्धा लावतात. काहीही न लावता भाजलेल्या कॉफीला तिथे 'का फे मोक' म्हणतात, क्लासवाल्यांना आधीच मेसेज करून तीच वापरा म्हणून सांगा. त्यांना हे विचारणारे नवीन नाहीत, वाईट वाटत नाही कोणाला.

आणि गुडघे! या जुन्या घरांना लिफ्ट नसते बहुतेक, जिने अंधारे आणि चढे. रूफटॉप म्हणजे चार-पाच मजले पायी. हे बुकिंगच्या पानावर लिहिलेलं नसतं, तुम्हीच विचारायचं. कितवा मजला, लिफ्ट आहे का, आणि बसायला पाठ टेकायची खुर्ची आहे का, कारण तिकडे वीतभर उंचीच्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसायची पद्धत आहे आणि त्यावरून उठणं सासूबाईंना जमायचं नाही. तळमजल्यावरचा क्लास मिळाला तर डोळे झाकून तोच घ्या.

प्रश्न : आम्ही हनोईला जात नाहीये, फक्त हो ची मिन्ह सिटी. तिथे असं काही होईल का? जून महिना आहे.
– एक वाचक, पुणे

उत्तर : होईल की. तिथे न्युएन ह्युए या चालायच्या मोठ्या रस्त्यावर ४२ नंबरची जुनी नऊ मजली इमारत आहे, घराघरात छोटी कॅफे थाटलेली, बाल्कनीतून खालचा अख्खा रस्ता दिसतो. लिफ्टला किरकोळ पैसे घेतात, द्या आणि वर जा, उतरताना जिन्याने उतरत एकेक मजला बघा. खूप उंचावरूनच बघायचं असेल तर ४६१ मीटरची लँडमार्क ८१ ही इमारत आहे, पण ते कॉफीच्या क्लासशी जोडू नका, वेगळं जा. जूनमध्ये दुपारनंतर धो धो पाऊस येतो, म्हणून क्लास दुपारी छताखाली आणि बाल्कनी सकाळी असं ठेवा. दक्षिणेत बर्फावरची दुधाची कॉफी जास्त चालते, ती शिका, त्या उकाड्यात तीच बरी.

प्रश्न : तिकडून फिन आणलं पण ठाण्यात घरी कॉफी केली की पाणी भसकन खाली उतरतं, चव पाणचट. काय चुकतंय?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : पावडर जाड आहे नाहीतर चकती सैल बसलीय, आधी तेवढं बघा. पावडर सपाट करून चकती हलक्या हाताने दाबा, घट्ट आवळू नका, नाहीतर थेंबच पडणार नाही. पहिलं थोडं पाणी घालून थांबलात का ते पण आठवा, बरेच जण तिथेच घाई करतात. आणि आपल्याकडची चिकोरी (एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची पूड) मिसळलेली फिल्टर कॉफी वापरत असाल तर ती चव येणारच नाही. दुकानदाराकडे चिकोरी नसलेली रोबस्टा मागा, कूर्ग-वायनाडकडची चांगली मिळते, डार्क भाजलेली घ्या आणि फिनसाठी मध्यम दळून द्या म्हणून सांगा. वीस ग्रॅमला शंभर मिली पाणी, त्याहून जास्त नको. चार मिनिटांच्या आत संपलं तर पुढच्या वेळी थोडं बारीक दळून घ्या.