पोरीले मिशनच्या शाळेत टाकतोस तर हे आधी पाहा
भाऊ, आपल्याकडं इंग्रजी शाळा दिसली की तिले कॉन्व्हेंटच म्हणतात, पण खरी मिशनची, म्हणजे ख्रिस्ती संस्थेची, शाळा वेगळी. तिथं आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, गरीब पोरांसाठीच्या २५ टक्के राखीव जागा लागू नाहीत, २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानंच अल्पसंख्याक शाळा त्यातून वगळल्या, म्हणून ऑनलाइन फॉर्म भरून वाट पाहत बसू नको, सरळ प्रिन्सिपल सिस्टरले जाऊन भेट. मी उत्पन्नाचा दाखला अन् मागच्या कापसाची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, टेबलावर ठेवली, म्हटलं फी देतो पण कापूस विकल्यावर, सिस्टरनं पट्टी पूर्ण वाचली अन् तीन हप्ते पाडून दिले. लाजू नको बाप्पा, पोरीसाठी चाललास. अन् व्हॅन, पुस्तकं, ड्रेस याचा खर्च आधीच विचारून घे, मले फीपेक्षा व्हॅनच जड गेली.