रानबदकांमधले पट्टकृमी ओळखताना

बदकाच्या आतड्यात पट्टकृमी (पट्टीसारखा चपटा, खंडाखंडांचा परजीवी) दिसला की चिमट्याने ओढायचा मोह आवर. डोकं आतड्याच्या अस्तरात रुतलेलं असतं. ओढलंस की तुटतं, आणि डोक्याविना जात ठरवणं फार अवघड. आतड्याचा तो तुकडाच सलाईनमध्ये ठेव, कृमी सुटेपर्यंत धीर धर. मग गरम सलाईनमध्ये टाक, म्हणजे आकसून न जाता ताणलेल्या स्थितीत मरतो. एखादा नमुना डीएनएसाठी ९५ टक्के इथेनॉलमध्ये वेगळा ठेव. फॉर्मॅलिनमध्ये गेला की ती वाट जवळपास बंद.

आता आकड्या. डोक्याच्या टोकाला असलेल्या सोंडेवरच्या आकड्यांची (बारीक हुकांची) संख्या, लांबी आणि आकार बघितल्याशिवाय नाव लिहू नकोस. डोकं बर्लीझ माध्यमात (नमुना पारदर्शक करणाऱ्या द्रवात) काचपट्टीवर दाबून आकड्या आडव्या पडल्या की मगच मोज. तिरप्या आकडीची लांबी कमी भरते. पुढे कार्मिन या लाल रंगाने रंगवलेल्या प्रौढ खंडात वृषणं मोज. हायमेनोलेपिडिडी कुळात ती बहुधा तीन असतात, त्यातल्या डायऑर्किस या प्रजातीत (जातींच्या गटात) दोनच. फिंब्रियारिया या दुसऱ्या प्रजातीत पुढचा झालरीसारखा भाग खोटं डोकं असतो, खरं डोकं इवलंसं आणि बरेचदा गळून गेलेलं. यात पुष्कळजण फसतात.

वर्णनात यजमान बदकाची (ज्यात कृमी सापडला त्याची) जात, ठिकाण, तारीख हवीच. चित्र स्वतः काढ, खाली मापपट्टी दे. नवी जात वाटली तर आदर्श नमुना (ज्यावरून त्या जातीचं नाव ठरतं तो) संग्रहालयात जमा केल्याशिवाय जाहीर करू नकोस.