मॅजिकार्प सोडून देण्याआधी

अरे, पोकेमॉन गेममधला तो दुबळा मासा, मॅजिकार्प, फेकून देऊ नकोस! सुरुवातीला तो फक्त 'स्प्लॅश' करतो, म्हणजे नुसता उड्या मारतो, समोरच्याला ओरखडासुद्धा नाही. पण लेव्हल 20 ला तोच गॅराडॉस नावाचा ताकदवान पोकेमॉन होतो. तोवर पहिल्या चालीला त्याला मैदानात आण आणि लगेच त्याच्या जागी दुसरा पोकेमॉन आण. अनुभवाचे गुण मिळत राहतात. कंटाळवाणं आहे, मान्य.

'एक्स' आणि 'वाय' (2013) या गेममध्ये गॅराडॉसचं मेगा रूप, म्हणजे लढाईपुरतं घेता येणारं जास्त ताकदीचं रूप, आलं. बेस आकड्यांची (अटॅक, वेग वगैरे मूळ ताकदीच्या आकड्यांची) बेरीज 540 वरून 640, अटॅक 125 वरून 155. पण नवखे एक चूक हमखास करतात: आल्या आल्या मेगा करून टाकतात. साधा गॅराडॉस पाणी-फ्लाइंग प्रकारचा, त्यामुळे जमिनीच्या चाली त्याला लागतच नाहीत; विजेचा मार मात्र चौपट. मेगा झाला की पाणी-डार्क: वीज दुप्पटीवर येते, पण फ्लाइंग जातं आणि फायटिंग, ग्रास, बग, फेअरी सगळेच अंगावर येतात. म्हणून समोर कोण आहे ते बघ. 'इंटिमिडेट' ही अंगभूत क्षमता असलेला गॅराडॉस आत आणलास की समोरच्याचा अटॅक आपोआप उतरतो. मग 'ड्रॅगन डान्स' ही स्वतःचा अटॅक आणि वेग वाढवणारी चाल कर. मेगाची घाई नको, लढाईत ती संधी एकदाच मिळते.