‘हिला गणिताचं डोकंच नाही’ असं वाटणाऱ्या पालकांसाठी

सहामाहीचा निकाल लागला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणाऱ्या पालकांची एक मागणी ठरलेली असते : ‘हिला गणिताचं डोकंच नाही हो. एकदा कल चाचणी करून घ्या, म्हणजे दहावीनंतर गणित सोडायला आपण मोकळे.’ नववीतल्या एका मुलीचे वडील हेच म्हणत आले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तालुक्याच्या गावी त्यांचं किराणा दुकान. मुलीला बाकीच्या विषयांत बरे गुण, पण बीजगणितात ४० पैकी ७ आणि भूमितीत ९. पेपरच्या आदल्या रात्री तिचं पोट दुखायचं. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नव्हतं.

गणिताचा विषय काढला की मुलगी मान खाली घालायची. म्हणून मी दुकानाबद्दल विचारलं. संध्याकाळी गल्ल्यावर कोण बसतं? ‘मीच.’ मग ४८ रुपये किलोची साखर सव्वा किलो घेतली तर किती झाले? माझं वाक्य संपायच्या आत ‘साठ’ आलं. १४० रुपये किलोचे शेंगदाणे पावणेदोन किलो? क्षणभर वर बघून ती म्हणाली, ‘दोनशे पंचेचाळीस.’

मग मी कागदावर ४८ × ५/४ लिहिलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला. तिने पेन खाली ठेवलं. ‘अपूर्णांक मला येत नाहीत.’

वडील माझ्याकडे बघत राहिले. सव्वा किलोचा हिशोब आणि हे गणित एकच आहे, हे त्यांच्याही मनात कधी आलं नव्हतं. यात त्यांचा दोष नाही. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकात छापून आला. बाजारातली मुलं अवघड हिशोब तोंडी बिनचूक करत होती, पण शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या सोप्या गणितात अडत होती. नुसतं शाळेत शिकणाऱ्या मुलांचं नेमकं उलट होतं. डोकं दोघांकडेही होतं. एकीकडचं दुसरीकडे नेऊन जोडणारं कुणी भेटलं नव्हतं.

कल चाचणी मी लांबणीवर टाकली. इतक्या घाबरलेल्या मुलीची चाचणी घेतली तर तिची भीतीच मोजली जाते, असं माझं मत आहे.

पुढच्या भेटींमध्ये गाठ सापडली. सहावीत तिला फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज करायला उभं केलं होतं. तिचं चुकलं, वर्ग हसला, आणि तास संपेपर्यंत तिला तिथेच उभं ठेवलं. तेव्हापासून उदाहरण समोर आलं की ‘आता चुकणार’ हा विचार आधी यायचा. गणित सोडवताना मधल्या पायऱ्या मनात धरून ठेवायला जी जागा लागते, तीच जागा अशी काळजी अडवून बसते. गणिताच्या भीतीवरच्या संशोधनात हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. म्हणून घरी येणारं गणित पेपरात येत नाही, आणि पालकांना वाटतं, मुलगी लक्ष देत नाही.

घरी रात्री दुकान बंद केल्यावर वडील तिला गणित शिकवायला बसत. दमलेला माणूस, समोर रडवेली मुलगी, आणि ‘एवढं साधं येत नाही?’ हे वाक्य. वडिलांना स्वतःलाही शाळेत गणिताची धास्ती होती, हे त्यांनीच सांगितलं. अमेरिकेत पहिली-दुसरीच्या मुलांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं, की गणिताला घाबरणारे पालक वारंवार गृहपाठ घेतात तेव्हा मुलं गणित कमी शिकतात आणि जास्त घाबरू लागतात. मी वडिलांना रात्रीची शिकवणी थांबवायला सांगितलं. ते त्यांना जड गेलं, पण त्यांनी ऐकलं.

आणि दुसऱ्या सत्रात शाळेत गणिताला नवीन बाई आल्या. मुलीच्या आणि वडिलांच्या परवानगीने मी त्यांना फोन केला. दोनच गोष्टी सांगितल्या : सध्या तिला फळ्यापाशी बोलावू नका, आणि ही मुलगी गल्ल्यावरचा हिशोब तोंडी करते. पुढचं सगळं श्रेय बाईंचं आहे.

मुलीने नंतर मला वही दाखवली. चुकीच्या उत्तरावर लाल फुली नव्हती. उत्तराभोवती पेन्सिलीने गोल आणि शेजारी प्रश्न : ‘हे कसं काढलंस?’ उदाहरण होतं १/२ + १/४, आणि तिचं उत्तर २/६. बाईंनी तिला जवळ बसवून विचारलं. ती म्हणाली, ‘वरच्यांची बेरीज वर, खालच्यांची खाली.’ बाई म्हणाल्या, ‘बरं. २/६ म्हणजे १/३. आता दुकानात जाऊ. तागडीत अर्धा किलो साखर आहे. तू त्यात पाव किलो आणखी टाकलीस. आणि वजन अर्ध्या किलोपेक्षा कमी झालं?’

मला हे सांगतानाही ती हसत होती. ‘पाऊण किलो होणार ना!’ मग पाऊण कागदावर कसा लिहायचा, अर्ध्याचे दोन पाव कसे करायचे, छेद सारखा का करावा लागतो, हे सगळं तिथून निघालं. समच्छेद करण्याची रीत तिने पाचवीपासून पाठ केली होती. ती रीत कशासाठी, हे तिला नववीत कळलं.

बाई शाळा सुटल्यावर थोडा वेळ तिच्याकडून पाचवी-सहावीचे अपूर्णांक करून घेत. प्रत्येक उदाहरणाआधी उत्तराचा अंदाज लिहायचा, हा त्यांचा नियम. पण मला सगळ्यात मोलाची वाटली ती वेगळीच गोष्ट. आठवड्यातून एकदा त्या कुणाचं तरी चुकलेलं उत्तर नाव न सांगता फळ्यावर लिहीत आणि वर्गाला विचारत, ‘ज्याने हे केलं, त्याने काय विचार केला असेल?’ एकदा २/६ फळ्यावर आलं, आणि ‘आम्हीपण असंच करतो’ म्हणत वर्गातल्या कितीतरी मुलांनी हात वर केले. सहावीपासून जी चूक तिने एकटीची समजून सांभाळली होती, ती निम्म्या वर्गाची होती. त्या दिवसानंतर पोटदुखीची तक्रार कमी होत गेली.

परीक्षेसाठी मी तिला एकच युक्ती दिली : पेपरला निघण्याआधी दहा मिनिटं मनातली सगळी भीती कागदावर लिहून काढायची. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात या पद्धतीचा परिणाम मांडला होता. सगळ्यांनाच ती लागू पडते असं नाही, हिला पडली. वार्षिक परीक्षेत गणितात पन्नाशीच्या आसपास गुण मिळाले. वडिलांना ते कमी वाटले. मुलीला वाटले नाहीत.

आता तुमचा प्रश्न मला माहीत आहे : अशा बाई आमच्या शाळेत नाहीत, मग आम्ही काय करायचं? महागडा क्लास लावायच्या आधी मुलाची वही घेऊन बसा आणि एका चुकलेल्या उदाहरणावर फक्त ‘हे कसं काढलंस?’ एवढं विचारा. उत्तर पूर्ण ऐका, मध्ये दुरुस्त करू नका. मूल कोणत्या इयत्तेत अडकलं आहे ते त्यातून बहुधा कळतं, आणि ती जागा चालू इयत्तेच्या बरीच मागे असू शकते. पालकसभेत ‘गुण का कमी?’ याऐवजी ‘कोणत्या प्रकारची चूक सारखी होते?’ असं विचारा. मोठ्या मुलालाही सुट्टे पैसे मोजणं, घड्याळ पाहणं, लहान-मोठी संख्या ओळखणं अवघड जात असेल, तर मात्र गणन-अक्षमतेची (डिस्कॅल्क्युलियाची) तपासणी तज्ज्ञांकडून जरूर करून घ्या. तसं निदान झालं तर बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात.

ही मुलगी आता अकरावी वाणिज्यला आहे आणि ऐच्छिक विषयांतून तिने गणित घेतलं आहे. भूमितीच्या सिद्धता तिला शेवटपर्यंत आवडल्या नाहीत, आणि तसं ती बाईंनाही सांगायची.