‘आता किती दिवस राहिलेत?’

‘आता किती दिवस राहिलेत? कशाला खर्च करायचा?’ सत्तरीच्या आसपासची माणसं समुपदेशनाला येतात तेव्हा हे वाक्य हमखास कानावर पडतं. मुलांना त्यात निराशा दिसते, नातेवाइकांना विरक्ती. पण त्याच वयाचा, बरी पेन्शन असलेला माणूस पुढच्या वर्षीच्या सहलीचे पैसे आजच भरून मोकळा होतो. पिकलं पान दोघंही. उद्याचा विचार करणं मात्र एकालाच परवडतं.

डोंबिवलीचे एक काका, वय ७२. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, ऑपरेशनला ठाम नकार. बागेतल्या कट्ट्यावर जाणंही थांबलेलं.

‘कट्टा कधी सोडलात?’

‘अंदमानच्या सहलीचं ठरलं तेव्हा.’

कट्ट्यावरचे तिघं बँकेतून निवृत्त झालेले. महागाई भत्ता वाढला की त्यांची पेन्शन वाढते. काकांना कारखान्याच्या नोकरीची ईपीएस, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन मिळते, १,४८६ रुपये. २०११ साली तेवढीच होती, आजही तेवढीच आहे.

‘जन्मभर राबलो. पण माझ्यातच काहीतरी कमी असणार, नाहीतर असं झालं नसतं.’

घटनेपेक्षा तिच्याकडे बघण्याची दृष्टी माणसाला जास्त छळते, हा विवेकनिष्ठ विचार माझ्या कामाचा पाया आहे. तरीही १,४८६ रुपये हातात पडणाऱ्या माणसाला ‘दृष्टी बदला’ असं आधी सांगणं अन्यायाचं ठरतं. म्हणून आधी आकडे, मग विचार. हा क्रम मी कटाक्षाने पाळते, आणि तो फळतो.

चौथ्या भेटीत कागद-पेन त्यांच्याच हातात दिलं. ईपीएस योजना नोव्हेंबर १९९५ पासूनची. पेन्शन काढायची रीत अशी: पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. काकांचा शेवटचा पगार १४,००० होता, पण त्या वेळी मर्यादा ६,५०० ची, म्हणून तेवढाच धरला गेला. योजनेत मोजलेली नोकरी १६ वर्षं. काकांनी कागद डाव्या डोळ्याजवळ धरून गुणाकार केला, भागाकार केला, मग दुसऱ्यांदा केला. उत्तर १,४८५ रुपये ७१ पैसे. वरच्या रुपयात १,४८६.

‘आधीची वीस वर्षं कुठायत?’

ती छोट्या वर्कशॉपमधली, फंड न कापलेली. हिशोबात नाहीत.

‘पण मी ती केली होती,’ काका म्हणाले. बराच वेळ ते त्या कागदाकडेच बघत होते. ‘म्हणजे मी कमी पडलो नाही. धरलंच नाही मला.’

मला त्या दिवशी जे उमगलं ते असं: विषमता माणसाचे पैसे तर नेतेच, शिवाय तिचा दोष त्याच्याच पदरात टाकून जाते. तो दोष एकदा खाली ठेवला की ‘किती दिवस राहिलेत’ या वाक्याचा खरा अर्थ बाहेर येतो. ‘ऑपरेशनला पैसे लागतील आणि ते मुलाकडे मागायचे नाहीत,’ हा तो अर्थ. मरणाचा त्यात फारसा संबंध नसतो. आणि यावर उपाय शोधता येतो.

काकांचे साडेचार लाख बचत खात्यात पडून होते, ‘कधीही लागतील’ म्हणून. ही चूक फार घरांत दिसते. पन्नास हजार हाताशी ठेवून चार लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले. ८.२ टक्के दराने तिमाहीला ८,२०० रुपये व्याज. मुदत पाच वर्षं. मध्येच मोडलं तर रक्कम कापली जाते, म्हणून सगळे पैसे कधीच अडकवू नयेत.

७० वर्षं आणि त्यावरच्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, पाच लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी. अडतं ते ओटीपीपाशी. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला असतो. आधी आधार केंद्रात जाऊन तो बदलून घ्या. मोतीबिंदू कुठल्या रुग्णालयात या कार्डावर होतो तेही भरती व्हायच्या आधी विचारा. काकू ६६ वर्षांच्या, त्यांना हे कार्ड चालत नाही. त्यांच्यासाठी महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी वेगळी करावी लागते.

मुलांसाठी एक कळकळीची विनंती. ‘बाबा, लागतील तेव्हा मागा’ असं म्हणू नका. मागणं हेच त्यांना जड जातं. ठरलेली रक्कम ठरलेल्या तारखेला त्यांच्या खात्यात जाऊ द्या, दोन हजार का असेना, आणि तिचा हिशोब विचारू नका.

कट्ट्यावर काय सांगायचं, याचा सराव काकांनी माझ्यासमोर केला. ‘तब्येतीमुळे जमणार नाही’ हे वाक्य त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं आणि खोडलं. शेवटी ठरलं ते एवढंच: ‘अंदमान मला परवडत नाही. टिटवाळ्याला जाल तेव्हा मी येतो.’

पेन्शन अजून १,४८६ रुपयेच आहे आणि त्याचा राग काकांना आहे; तो रास्त आहे, मी तो घालवायला गेले नाही. उजवा डोळा झाला. डाव्याला आता कुठे सुरुवात आहे, डॉक्टरांनी वर्षभराने बघू म्हटलंय. ती तारीख काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली आहे, आणि नवीन चष्मा जानेवारीच्या व्याजातून करायचा, असं काकूंना सांगूनही टाकलंय.