चिंबोरी आणि जिताड्याची पिल्लं: मरतात कमी, खाल्ली जातात जास्त

प्रश्न (देवगड): 3 बाय 2 मीटरच्या हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात) हॅचरीतून आणलेली चिंबोरीची 1,000 पिल्लं सोडली. पाणी चांगलं होतं, मेलेलं एकही पिल्लू दिसलं नाही. महिन्याने मोजली तर 180 भरली. बाकीची गेली कुठे?

उत्तर: बहुतेक एकमेकांच्या पोटात. रोगाने मेली असती तर तळाला सापडली असती. काही वर चढून पळालीही असतील, कारण बारीक चिंबोरी जाळीवर मुंगीसारखी चढते. हाप्याचा काठ पाण्याच्या वर किमान 30 सेंटिमीटर ठेवा आणि वरच्या कडेला आतून गुळगुळीत प्लॅस्टिकची वीतभर पट्टी शिवा. त्यावर पाय टिकत नाही.

आता मूळ चूक. 6 चौरस मीटरमध्ये 1,000 म्हणजे चौरस मीटरला सुमारे 167 पिल्लं झाली. या वयात 50 पुरे, फार तर 70. तुमच्या हाप्याची कुवत 300 ते 400 पिल्लांची आहे.

हॅचरीतून येणारं पिल्लू तीन-चार मिलिमीटरचं असतं आणि दर काही दिवसांनी कवच टाकतं. कवच टाकल्यावर काही तास ते मऊ आणि हतबल असतं; त्या वेळी शेजारी कडक कवचाचा भुकेला भाऊ असला की संपलं. म्हणून लपण जास्त हवं आणि पोटं भरलेली हवीत. लपणासाठी जुन्या नायलॉन जाळ्याचे सैल गुंडे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगले. चौरस मीटरला तीन-चार गुंडे तळाला आणि एक-दोन मधल्या पाण्यात लोंबते बांधा. पिल्लं सेंटिमीटरच्या वर गेली की पाइपाचे तुकडे आणि फुटकी कौलं टाका. झावळ्या टाकू नका. त्या कुजतात आणि पहाटेचा प्राणवायू खातात.

खाद्याचा हिशेब वजनावर करा, अंदाजाने मूठ टाकू नका. समजा 300 पिल्लं सरासरी अर्ध्या ग्रॅमची आहेत, म्हणजे एकूण 150 ग्रॅम. सुरुवातीला रोज वजनाच्या 15 ते 20 टक्के ओलं खाद्य, म्हणजे 22 ते 30 ग्रॅम. एक वाटा सकाळी, दोन वाटे सूर्य मावळल्यावर, कारण चिंबोरी रात्री चरते. ताजी स्वस्त मासळी किंवा कालवाचं मांस काट्याशिवाय बारीक चिरून द्या. दर आठवड्याला दहा-पंधरा पिल्लं तोलून आकडा सुधारा. पाच ग्रॅमच्या पुढे प्रमाण 8-10 टक्क्यांवर आणा. खाद्य ताटलीत ठेवा. सकाळी ताटलीत उरलेलं दिसलं तर कमी करा, पण ताटली संध्याकाळीच चाटूनपुसून रिकामी असेल तर वाढवा. उधाणाला पाणी बदललं की बरीच पिल्लं एकदम कवच टाकतात. त्या रात्री खाद्याचा हात आखडू नका. जून-जुलैत मासेमारी बंदी असते, तेव्हाची सोय मे महिन्यातच बर्फात करून ठेवा.

पिल्लं अडीच-तीन सेंटिमीटर रुंदीची झाली की हाप्यातून काढा. 30 ते 45 दिवस लागतात. निम्मी हाती आली तर काम बरं झालं असं समजा. नांगी तुटलेलं पिल्लू फेकू नका, पुढच्या एक-दोन कवचांत नांगी पुन्हा येते. फक्त ते वेगळं ठेवा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण सांगतो: शेजारी कोळंबीचे तलाव असतील तर पिल्लांची पांढरे ठिपके या विषाणूरोगासाठी पीसीआर चाचणी (विषाणू शोधणारी प्रयोगशाळेतली तपासणी) झाल्याचा दाखला हॅचरीकडून घ्या. चिंबोरी हा विषाणू अंगावर बाळगूनही धडधाकट दिसते आणि शेजाऱ्याच्या तलावातली कोळंबी मारते.

प्रश्न (पेण): जिताडा माशाची दीड सेंटिमीटरची 2,000 पिल्लं रात्रभराच्या प्रवासाने आणली. पिशव्या उघडून, तासभर हळूहळू तलावाचं पाणी मिसळून सोडली. त्यातली बरीच तिथेच उलटी झाली. तलाव गोड्या पाण्याचा आहे. चूक कुठे झाली?

उत्तर: हळूहळू पाणी मिसळणं बरोबर, पण उघड्या पिशवीत तासभर ठेवणं घातक. बंद पिशवीत रात्रभर पिल्लांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यामुळे पाण्याचा सामू (पीएच) उतरतो आणि साठलेला अमोनिया फारसा विषारी राहत नाही. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विष होतो. म्हणून पिशवी बंदच ठेवून 20-30 मिनिटं पाण्यावर तरंगवा, तापमान जुळू द्या. मग उघडून पिल्लं लगेच, पाण्यात सतत हवा सोडलेली असेल अशा टाकीत घ्या. टाकीचं पाणी पिशवीइतकंच खारं असलं पाहिजे.

जिताडा गोड्या पाण्यात उत्तम वाढतो, पण 28-30 पीपीटी (हजार भाग पाण्यात इतके भाग क्षार) खाऱ्या पाण्यातून एका तासात गोड्यात नाही. टाकीत रोज 5 पीपीटीने उतरवा, म्हणजे सहा दिवस. त्याहून सोपं म्हणजे मागणी देतानाच हॅचरीला तुमच्या पाण्याची क्षारता कळवा; उतरवण्याचं काम ते पॅकिंगआधी करून देतात. सिंधुदुर्गात या माशाला चोणक म्हणतात, नियम तोच.

आणि दीड सेंटिमीटरचं पिल्लू थेट तलावात सोडायचंच नसतं. 2 बाय 1 बाय 1 मीटरच्या हाप्यात 400 ते 500 पिल्लं ठेवा, म्हणजे 2,000 पिल्लांना चार-पाच हापे. जिताडा आपल्या लांबीच्या सुमारे दोन-तृतीयांश लांबीचा भाऊ गिळतो. 3 सेंटिमीटरचं पिल्लू 2 सेंटिमीटरच्याला नुसतं मारत नाही, अख्खं खातं आणि आणखी मोठं होतं. असे चार-पाच मोठे 'दादा' आत राहू दिले तर पंधरवड्यात हापा रिकामा. म्हणून दर तीन-चार दिवसांनी प्रतवारी करा: सकाळी, उपाशीपोटी, पिल्लं पाण्यातच ठेवून. प्रत्येक हाप्यात एकाच मापाची पिल्लं ठेवा.

खिमा केलेली मासळी पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या वजनाइतकी, दुसऱ्यात 60 टक्के, तिसऱ्यात 40 टक्के. दिवसातून पाच-सहा वेळा, चिमूट चिमूट. जिताडा तळाला पडलेलं सहसा उचलत नाही, ते कुजून पाणी नासतं. 8-10 सेंटिमीटरचा झाला की तलावात सोडा. तिलापियाची पिल्लं खाद्य म्हणून ठेवायची तुमच्याकडची पद्धत चांगली आहे, मात्र मोठे तिलापिया काढून टाका.

उरलेली पिल्लं गोल-गोल फिरत, काळवंडून, पोट वर करून पोहत असतील तर तो मज्जासंस्थेचा विषाणूरोग असू शकतो. त्यावर औषध नाही. दुकानदार अँटिबायोटिक देईल, घेऊ नका: विषाणूवर ते चालत नाही, आणि क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान तर मत्स्यशेतीत बंदच आहेत. नमुना तपासणीला पाठवा, ती टाकी आणि तिचं जाळं वेगळं ठेवा.

प्रश्न (वेंगुर्ला): खाजणातल्या (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या) तलावात पहिल्या दोन पावसांतच पिल्लं मरतात. क्षारता तर 12 आहे.

उत्तर: क्षारतेआधी सामू मोजा, तोही पावसानंतर लगेच, बांधाच्या कडेला. खाजणाच्या मातीत गंधकाचं खनिज असतं. उन्हाळ्यात बांध वाळला, हवा लागली की त्याचं आम्ल होतं आणि पहिला पाऊस ते धुऊन तलावात आणतो. कडेला तांबूस तवंग दिसला तर हेच कारण. मे महिन्यातच बांधाच्या आतल्या उतारावर शेतीचा चुना पसरा. पावसात उघाडीच्या (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या) वरच्या फळ्या काढून ठेवा: पावसाचं गोडं पाणी हलकं, ते वरच राहतं आणि वरूनच निघून जातं. सामू 7.5 च्या खाली गेला तर चुन्याची निवळी तलावभर शिंपडा, एकदम ओतू नका.